नागपुरातल्या आमच्या थ्रिलर पिक्चरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्क्रीनिंग संपल्यावर, मेसेजमधे, कुठं पानठेल्यावर कोणी ओळखलं तर, सगळीकडे साधारण हेच प्रश्न येतात म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. पिक्चर पाहिले नसतील तर सांभाळून वाचा, गोष्टी फुटतील. फिल्मांची नावं मुद्दाम घेत नाहीये, लोक त्यांना पंचवाली, लॉजवाली, भिशीवाली असंच म्हणतात तर तेच चालू ठेवू.

तुम्ही नेमके कसे पिक्चर बनवता? थ्रिलर का ड्रामा?

दोन्ही, आणि ते वेगळे करावे असं आम्हाला वाटत नाही. पंचवालीत इतवारीतला एक पानठेलेवाला आहे. पोलीस एका रात्री सोन्याच्या दुकानावर जप्तीला जातात, जाताना याला पंच, म्हणजे जप्तीचा साक्षीदार म्हणून सोबत घेतात, तो पंचनाम्यावर सही करतो आणि घरी येऊन झोपतो. वर्ष-दीड वर्ष काहीच होत नाही. मग कोर्टाचा समन्स येतो, आणि ज्याच्याकडे चोरीचं सोनं सापडलं तो माणूस याच्या ठेल्यापासून हाकेच्या अंतरावर राहतो, रोज याच्याकडूनच सुपारी-तंबाखूचा खर्रा घेतो.

लॉजवाली हिवाळी अधिवेशनाच्या आठवड्यात घडते, एक पोरगा दुसऱ्याच्या पैशाची बॅग घेऊन रात्रभर खोली शोधतो. भिशीवालीचं एडिट सुरू आहे, त्यात पाचपावलीतल्या बायकांच्या भिशीचा पैसा जातो. तिन्हीत मिळून बंदूक एकदाही दिसत नाही.

सुरुवात एवढी हळू का असते? पहिली वीस मिनिटं तर नुसता ठेलाच दाखवला.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचाही, म्हणून जरा निवांत सांगतो.

माणसाला भीती वाटायला त्याच्याकडे गमावण्यासारखं काहीतरी असावं लागतं, आणि ते काय आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत पाहिजे, नाहीतर पडद्यावर कोणीही कोणाच्याही मागं धावला तरी आपल्याला काय फरक पडतो. म्हणून आम्ही स्क्रिप्ट लिहायच्या आधी पात्राची वही लिहितो, खरोखरची हिशेबाची वही. पानठेलेवाल्याचा रोजचा गल्ला किती, त्यातून सुपारीवाल्याचे किती जातात, जागेचं भाडं कोणाला देतो, रोजचे पैसे न्यायला डेली कलेक्शनवाला किती वाजता येतो आणि पैसे नसले तर हा त्याला काय सांगतो, पोरीची फी कधी भरायची आहे, बायकोच्या भावाकडून घेतलेले पैसे कधीपासून थकलेत. ही वही लिहून झाली की गोष्ट कुठून दाबायची ते आपोआप दिसायला लागतं.

पंचवालीत त्याला धमकी द्यायला कोणी चाकू काढत नाही. एक दिवस सुपारीचा ठोक व्यापारी एवढंच म्हणतो की भाऊ, आता उधारी नाही जमणार, नगदी आणा. बस. पहिली वीस मिनिटं तुम्ही तो गल्ला, ती उधारी, तो डेलीवाला पाहिलेला असतो म्हणून या एका वाक्यावर हॉलमधे लोक सरळ होऊन बसतात. ती वीस मिनिटं काढून टाकली तर त्या वाक्यात काहीच राहत नाही. मारामारी कोणाच्याही पिक्चरमधे मिळते, उधारी बंद होण्याची भीती नागपुरात ज्यानं कधी धंदा केला त्यालाच कळते, आणि मला त्याच माणसाबद्दल पिक्चर बनवायचा होता.

पंचाला खरंच एवढा त्रास होतो का? तो सरळ नाही म्हणू शकला असता ना?

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मधे झडतीच्या वेळी त्या भागातले दोन किंवा जास्त तटस्थ, प्रतिष्ठित रहिवासी साक्षीला घ्यायचे असं होतं. आणि पोलिसांनी लेखी बोलावलं असताना योग्य कारण नसताना नकार दिला तर तो आयपीसीच्या, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या, कलम १८७ खाली गुन्हा धरला जायचा. आता रात्री दहाला ठेला बंद करताना दारात जीप उभी आहे आणि साहेब म्हणतात चल रे दहा मिनिटं, तर कलम कोण विचारणार आहे. रोज ज्याच्या हद्दीत धंदा करायचा त्याला नाही म्हणणं ही वेगळीच गोष्ट असते.

खरा पेच पुढे कोर्टात आहे. सही माझी आहे पण मला काही आठवत नाही, कोऱ्या कागदावर घेतली होती, असं म्हणून पंच फितूर होतात हे कोर्टकचेरीत वावरणाऱ्या कोणालाही विचारा. आमच्या माणसाला तेच शिकवलं जातं, अगदी प्रेमानं, चहा पाजून. त्यानं तसं म्हटलं तर उधारी परत सुरू होते. नाही म्हटलं तर खरं बोलल्याचा फायदा कोणाला होणार हे त्याला दिसत नाही. अख्खा पिक्चर या दोन वाक्यांच्या मधे उभा आहे.

आता तर जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करावं लागतं, मग फिल्ममधे का नाही?

बरोबर पकडलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं असतं, पण ती संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. आमची जप्ती २०२१ मधली आहे, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आणि लोकांच्या तोंडावरच्या मास्कवरून ते दिसतं.

लॉजवालीत अधिवेशनच का घेतलं?

कारण त्या दिवसांत नागपूर वेगळंच शहर होतं. डिसेंबरात अख्खं सरकार इथं येतं, आमदार निवास, रविभवन भरून जातं, बाहेरच्या जिल्ह्यांतून पोलीस बंदोबस्ताला येतात, मोर्चे मॉरिस कॉलेज टी पॉइंटपर्यंत येऊन अडतात, आणि स्टेशन, गणेशपेठ, बर्डीच्या लॉजवर खोली मिळणं मुश्किल होतं कारण कार्यकर्ते, शिष्टमंडळं, बदलीची फाइल घेऊन आलेले मास्तर, सगळे तिथंच उतरलेले असतात. ज्याला लपायचंय त्याच्यासाठी यापेक्षा वाईट आठवडा नाही. रिसेप्शनवर आधार कार्ड मागतात, रजिस्टरवर सही मागतात, आणि रात्री लॉज चेकिंगही होऊ शकतं.

त्यात दुसरी गोष्ट, त्याच्या मित्राला अटक झालीय. अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं, हे संविधानाच्या २२ व्या कलमातच आहे. म्हणजे मित्र तोंड उघडायच्या आत याच्याकडे किती वेळ आहे ते प्रेक्षकाला पक्कं माहीत असतं. लोक म्हणतात थ्रिलरला घड्याळ पाहिजे, तर ते घड्याळ आम्हाला कायद्यातच मिळालं, बॉम्बला टायमर लावायची गरज पडली नाही.

थंडीचाही फायदा झाला. आपली डिसेंबरची रात्र चांगलीच बोचते, पोरगा हाफ शर्टवर आलेला आहे आणि बॅग हातातून सोडता येत नाही म्हणून हात खिशात घालता येत नाही. नटाला वेगळं काही करावं लागत नव्हतं.

मारहाण एवढी कमी आणि नंतरचं एवढं लांब का दाखवता?

खऱ्या आयुष्यात मार काही सेकंदांचा असतो आणि त्याचा परिणाम महिनोन्‌महिने चालतो, म्हणून. पंचवालीत एकच फटका आहे. त्यानंतरचा सीन बायको मोरीत शर्ट धुतेय तो आहे, आणि ती गरम पाणी बाजूला सारून थंड पाणी घेते, कारण गरम पाण्यानं रक्ताचा डाग बसतो हे तिला माहीत आहे. तिला हे माहीत आहे म्हणजे काय, हे आधीही झालेलं आहे, त्या घरात नाही तर माहेरी. तिथं एकही डायलॉग नाही आणि सगळं कळतं.

रक्त कसं बनवता असंही पोरं विचारतात. साखरेचा घट्ट पाक, खायचा लाल रंग, थोडी कोको पावडर आणि निळ्याचा अगदी थेंबभर, नाहीतर ते सरबतासारखं दिसतं. उन्हाळ्यात याला माशा आणि मुंग्या लागतात, तर लावायचं काम टेकच्या अगदी आधी. आणि शर्ट एकसारखे, एकाच वेळी धुतलेले घ्या, कारण नवा कोरा शर्ट आणि धुतलेला शर्ट कॅमेऱ्यात वेगळे दिसतात.

खर्रा एवढा दाखवता, त्याची जाहिरात होत नाही का?

मला खर्ऱ्याबद्दल प्रेम नाही, आमच्या भागात तोंडाच्या कॅन्सरनं गेलेली माणसं मी पाहिलीत. पण इतवारीचा पानठेला खर्ऱ्याशिवाय दाखवणं म्हणजे खोटं बोलणं. आणि ज्या माणसाचा संसार ज्या गोष्टीवर चालतो तीच गोष्ट गिऱ्हाइकाला पोखरते, हे त्याला कळत असतं, त्याचा भाग पिक्चरमधे आहे.

नियम मात्र पूर्ण पाळतो. तंबाखूचा वापर दाखवला तर सुरुवातीला आणि मधे ३० सेकंदांचे आरोग्याचे संदेश लावावे लागतात, २० सेकंदांचं निवेदन लागतं, आणि ज्या सीनमधे तंबाखू दिसते त्यात खाली इशारा चालू ठेवावा लागतो. बरेच डिरेक्टर त्या पट्टीला वैतागून सीनच बदलतात. आम्ही फ्रेम लावतानाच खालची जागा मोकळी ठेवली, पट्टी कोणाच्या हातावर किंवा चेहऱ्यावर येऊ दिली नाही.

भाषा अशी का? मराठीलाही सबटायटल का देता?

कारण आपण असंच बोलतो. ठेल्यावरचा माणूस "काऊन बे, सही तूच केली न?" असं म्हणेल, तो "का रे, स्वाक्षरी तूच केलीस ना?" असं कधीच म्हणणार नाही. गांधीबागेतला व्यापारी हिंदीत सुरू होतो, मधेच मराठीत येतो, रागावला की परत हिंदीत जातो. धरमपेठेतली वकीलबाई पुणेरी वळणाचं बोलते पण घरी आईचा फोन आला की "मी येऊन राहिली न आई" म्हणते. हे आम्ही स्क्रिप्टमधे लिहून ठेवत नाही, लिहिलेलं शुद्ध असलं तरी चालतं, तालमीत नट आपल्या तोंडचं करतो आणि तेच फायनल.

मराठी सबटायटल पुण्या-मुंबईच्या स्क्रीनिंगसाठी दिली होती, पण त्याचा फायदा ज्यांना कमी ऐकू येतं अशा प्रेक्षकांना झाला, तर आता सगळीकडेच ठेवतो. विनोदासाठी नागपुरी वापरायची आणि गंभीर माणूस आला की प्रमाण भाषा, हे जे वर्षानुवर्षं चालत आलंय ते मला मनापासून खटकतं. माणूस या भाषेत रडतो, धमकी देतो, माफी मागतो, सगळं करतो.

एवढे सहज ॲक्टर कुठून मिळतात?

अर्धे झाडीपट्टीतून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात झाडीपट्टी रंगभूमी चालते, वडसा म्हणजे देसाईगंज हे तिचं केंद्र, दिवाळीनंतर सीझन सुरू होतो तो होळीच्या आसपासपर्यंत, आणि नाटक रात्री उशिरा उभं राहतं ते पहाटेपर्यंत चालतं. तिथले कलाकार परशुराम खुणे यांना २०२३ मधे पद्मश्री मिळाला. सीझनमधे रात्र-रात्र काम केलेला माणूस थकत नाही, पाठांतराची भीती नाही, आणि समोर हजार माणसं बसली तरी बावरत नाही.

एकच काम करावं लागतं, आवाज आणि हात खाली आणायचे. मंडपातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायची सवय असते, कॅमेरा तर दोन फुटांवर आहे. त्यासाठी आम्ही ॲक्टिंगच्या सूचना कमी देतो आणि हाताला काम देतो. पंचवालीच्या हिरोला खऱ्या ठेल्यावर बसवलं. पन्नीवर सुपारी, चुना, तंबाखू टाकून ती घोटायची, गाठ मारायची, पैसे घ्यायचे, सुटे द्यायचे, आणि हे सगळं करताना समोरच्याशी बोलायचं. हात सराईत झाले की आवाज आपसूक खाली येतो, कारण ज्याचे हात कामात आहेत तो माणूस ओरडून बोलत नाही. सुरुवातीला गिऱ्हाईक त्याच्याकडे बघत होते, नंतर त्यांनी बघणं सोडलं, मग आम्ही शूटिंग लावलं.

बाकीचे हौशी नाटकवाले, आणि काही लोक ज्यांनी कधीच काही केलेलं नाही. कोर्टातला पट्टेवाला झालेले काका आयुष्यभर कचेरीतच नोकरीला होते, पुकारा कसा करायचा ते त्यांनीच आम्हाला शिकवलं.

मे महिन्यात शूटिंग कसं करता?

शक्य असेल तर करत नाही, पण ज्या सीनला ऊन पाहिजे तिथं मेच पाहिजे. पारा ४५ च्या वर गेल्यावर दुपारी इतवारीच्या गल्ल्या ज्या रिकाम्या होतात तशा दुसऱ्या कोणत्याच महिन्यात होत नाहीत, आणि तो रिकामेपणा पैसे देऊन उभा करता येत नाही. पहाटे ते सकाळी दहापर्यंत एक शिफ्ट, मग थेट चारनंतर. युनिटला पाणी, ओआरएस, डोक्याला दुपट्टा, यावर वाद नाही.

खरा वैरी ऊन नाही, कूलर आहे. खोलीत कूलर चालू असताना डायलॉग रेकॉर्ड केला तर त्याची घरघर प्रत्येक माईक पोझिशनला वेगळी येते, एडिटमधे दोन शॉट जोडले की आवाज उडी मारतो आणि प्रेक्षकाला कळत नाही काय खटकलं पण खटकतं. तर कूलर बंद. खोली काही मिनिटांत भट्टी होते, म्हणून टेक छोटे ठेवायचे, मधे दार उघडायचं, कूलर लावायचा, परत बंद. सीन झाला की सगळ्यांना गप्प बसवून रिकाम्या खोलीचा आवाज मिनिटभर घ्यायचा, मग कूलरचा वेगळा घ्यायचा, पंपाचा वेगळा, कूलरच्या ताट्यांवरून पाणी टपकतं त्याचाही. एडिटमधे तो पाहिजे तिथं, पाहिजे तेवढा लावतो. पंचवालीत समन्स आल्यावर लाइट जाते आणि कूलर हळूहळू थांबतो, तो आवाज असाच वेगळा घेतलेला आहे, आणि बॅकग्राउंड म्युझिक तिथं शून्य आहे.

घरातल्या ट्यूबलाइटमधे फ्लिकर येतो, म्हणजे शॉटमधे उजेड लुकलुकतो, तुम्ही काय करता?

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुन्या चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. २४ फ्रेमवर शूट करत असाल तर शटर १/५० ठेवा, अँगलमधे मोजत असाल तर १७२.८ डिग्री. स्वस्त एलईडी बल्बचं काही सांगता येत नाही, ते आधी कॅमेऱ्यात पाहून मगच लावा, खराब असेल तर तोच होल्डर ठेवून बल्ब बदला. जनरेटरवर असाल तर तो नीट ५० वर आहे का तेही तपासा. एवढं केलं की महागडे लाइट न आणता घरातल्याच उजेडात काम होतं, आणि घर घरासारखं दिसतं.

परवानग्या मिळतात का नागपुरात?

मिळतात, वेळ हाताशी ठेवा. रस्ता असेल तर मनपा, स्थानिक पोलीस स्टेशन आणि ट्रॅफिक, स्टेशन किंवा गाडी असेल तर रेल्वेची वेगळी. नकली हत्यार किंवा पोलिसांचा युनिफॉर्म असेल तर पोलीस स्टेशनला आधी कळवलेलंच बरं, आणि टेक संपला की युनिफॉर्मवर शाल टाकायची, आमचा पीएसआय दोन तारे लावून चहा प्यायला गेला की गल्लीतले लोक तक्रार घेऊन येत होते. गाय, कुत्रा असं कुठलंही जनावर कामाला लावलं तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचा कागद लागतो. ड्रोन आम्ही वापरतच नाही. एअरपोर्ट शहरातच आहे, वायुसेनेचं मेंटेनन्स कमांड इथं आहे, आणि आमच्या पात्रांना कोणी आकाशातून बघत नाही, तर प्रेक्षकानं का बघावं.

मारबतचा सीन कसा केला असंही विचारतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते तेव्हा इतवारी-महाल भागात पाय ठेवायला जागा नसते, तिथं कोणाला थांबवून टेक घेता येत नाही. हिरोला गर्दीत सोडलं, कॅमेरा एका गॅलरीत, दुसरा त्याच्या मागं, सगळी तालीम आधी रिकाम्या गल्लीत झालेली. लोक "घेऊन जा गे मारबत" ओरडतायत आणि हा त्या पुतळ्याकडे बघतोय, त्या चेहऱ्यासाठी एवढी खटपट होती.

मुंबईला का जात नाही?

कामाला जातो, राहायला नाही. गोष्टी इथं आहेत. एम्प्रेस मिल १८७७ मधे सुरू झाली, बंद पडली, त्या जागेवर मॉल आला, आणि त्या मिलमधे नोकरी करणाऱ्यांची नातवंडं आज त्याच मॉलमधे सिक्युरिटीला उभी असतील तर ती गोष्ट मी अंधेरीत बसून कशी लिहू. कोराडी-खापरखेड्याची राख, उमरेडच्या कोळशाच्या खाणी, हिंगण्याची एमआयडीसी, एकेका जागेत दहा-दहा पिक्चर आहेत. आणि मोठं काम इथं होतच नाही असंही नाही, नागराज मंजुळे यांचा २०२२ चा 'झुंड' नागपुरातच शूट झाला आणि त्यात इथलीच पोरं होती.

सेन्सॉरमधे कट लागले का?

थिएटरला लावायचा तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सर्टिफिकेट लागतंच. २०२३ च्या दुरुस्तीनं यूएचे, म्हणजे मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या गटाचे, तीन भाग झाले, ७+, १३+ आणि १६+, आणि सर्टिफिकेट आता दहा वर्षांऐवजी कायमचं मिळतं. आमच्यासारख्यांना १६+ चा फार उपयोग आहे, कारण पूर्ण ए, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं, मिळालं की टीव्हीसाठी परत वेगळं सर्टिफिकेट करून घ्यावं लागतं, आणि टीव्हीचे पैसे छोट्या फिल्मला फार मोलाचे असतात. शिव्यांवर चर्चा झाली, काही म्यूट केल्या, गोष्टीला धक्का लागला नाही. पटलं नाही तर आधी रिव्हायझिंग कमिटी, त्यानंतर हायकोर्ट, मधलं जे अपिलाचं ट्रिब्युनल होतं ते २०२१ मधे बंद झालं. ओटीटीला हे सर्टिफिकेट लागत नाही, २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे प्लॅटफॉर्म स्वतःच वयाचा गट लावतो.

पैसा कुठून आणता?

लग्नाचे व्हिडिओ, कंपन्यांच्या फिल्म, कोचिंग क्लासच्या जाहिराती करतो, त्यातून साठतं. थोडं मित्रांकडून येतं, लेखी करार करूनच. राज्य सरकारचं मराठी चित्रपटांना अनुदान आहे, ते पिक्चर पूर्ण झाल्यावर, परीक्षण होऊन मिळतं, त्यामुळे त्याच्या भरवशावर शूटिंग सुरू करू नका.

खर्चाचा क्रम आमचा ठरलेला आहे, आधी लोकांचं मानधन आणि जेवण, मग साउंड, मग तालीम, शेवटी कॅमेरा. सकाळी तर्री पोहा, दुपारी घरगुती डबा, शेवटच्या दिवशी सावजी. नाव होईल म्हणून फुकट काम कर, हे आम्ही कोणाला म्हणत नाही.

ही सत्य घटना आहे का?

नाही. पेपरातल्या बातमीवरून कल्पना सुचते, पण खऱ्या केसवर बनवणं आम्ही टाळतो. एक तर केस चालू असेल तर कोणाचं तरी नुकसान होऊ शकतं. दुसरं, लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, आधी आयपीसी २२८-अ. नुसतं नाव बदलून भागत नाही, गल्ली, शाळा, नातेवाईक यावरून गावातल्या माणसाला कळत असेल तर ओळख उघड झालीच.

पंचवालीचा शेवट अर्धवट का सोडला?

तो अर्धवट नाही. तो साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहतो, शपथ घेतो, वकील विचारतात ही सही तुमची का, तो हो म्हणतो. पुढचं उत्तर आम्ही दाखवत नाही. पण त्या दिवशी सकाळी त्यानं काय केलं ते आठवा, ठेल्यावर न जाता तो पहिल्यांदा सुपारीवाल्याकडे गेला आणि सगळी बाकी चुकती केली. ज्याला परत उधारी पाहिजे तो बाकी चुकती करत नाही. एवढं ज्यानं लक्षात ठेवलं त्याला उत्तर मिळालेलं असतं, आणि ठेवलं नसेल तर परत बघा, सीन एडिटमधे मुद्दाम तीनदा लांबवला होता.

भिशीवालीत सगळ्या बायकाच आहेत, पुरुष व्हिलन आहे का?

व्हिलन कोणीच नाही. भिशी चालवणारी बाई वीस वर्षांपासून चालवतेय, कधी एक रुपया इकडचा तिकडे नाही. एका महिन्यात तिच्या मुलाला मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, भरती करावं लागतं आणि ती भिशीचे पैसे वापरते, पुढच्या सोमवारपर्यंत परत ठेवीन म्हणून. ज्या बाईचा नंबर लागणार असतो तिला ते पैसे पोरीच्या लग्नाच्या हॉलसाठी पाहिजेत. दोघींचं बरोबर आहे आणि दोघी एकाच नळावर पाणी भरतात. कागदोपत्री काहीच नसतं, एक वही आणि शब्द. लेखनात आमच्यासोबत दोघी आहेत ज्यांनी स्वतः अशा भिश्या चालवल्यात, त्यांनी माझे कितीतरी सीन खोडले. मी लिहिलं होतं की बायका घरी येऊन भांडतात, त्या म्हणाल्या भांडत नाहीत, हळदीकुंकवाला बोलवायचं बंद करतात.

माझ्याकडे जबरदस्त स्टोरी आहे, ऐकाल का?

तोंडी नको, लिहून द्या, आणि देण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे रजिस्टर करा, ऑनलाइन होतं. हे तुमच्याच भल्यासाठी. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती कशी मांडली त्यावर असतो, सुप्रीम कोर्टानं १९७८ मधे आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या केसमधे हेच सांगितलंय. म्हणजे "एक पंच असतो आणि त्याला धमकी येते" ही कल्पना कोणाचीच नाही, पण तुमची पानं तुमची आहेत.

यूट्यूबवर का टाकत नाही?

टाकू, पण फेस्टिव्हलचं संपल्यावर. बऱ्याच फेस्टिव्हलना आधी ऑनलाइन आलेली फिल्म चालत नाही. तोवर आम्ही स्वतः हॉल घेऊन दाखवतो.

मला तुमच्यासोबत काम करायचं आहे, पण मी वर्ध्याचा, गोंदियाचा, यवतमाळचा आहे, डिग्री नाही. चालेल का?

डिग्री कोणालाच विचारत नाही. ॲक्टिंगसाठी तुमच्या घरात किंवा कामाच्या जागी, तुम्ही रोज जे काम करता ते करतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ आणा, डायलॉग मारू नका, मागं म्युझिक लावू नका. काम करता-करता कोणाशी तरी बोला, तुमच्या घरच्या बोलीत. साउंडला यायचं असेल तर तुमच्या गावच्या बाजाराचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून आणा, पाच मिनिटं, आणि त्यात काय-काय ऐकू येतं ते एका कागदावर लिहा. लेखनाला यायचं असेल तर एका माणसाची हिशेबाची वही लिहून आणा, वर सांगितली तशी, महिनाभराची. माणूस काल्पनिक चालेल पण भाव खरे पाहिजेत, म्हणजे बाजारात जाऊन विचारलेले. राहायची सोय शूटिंगच्या वेळी आम्ही करतो, यायचं-जायचं भाडं पहिल्याच दिवशी हातात देतो.